अख्खा पेरू

नाही, पण मी म्हणते, पेरूची बाग असलेल्या घरात एका बाईला एक अख्खा पेरू खायला मिळू नये? एक! टोपली नाही मागत मी, क्रेट नाही मागत... तुम्ही हसताय. हसा, हसा. तुम्ही बाजारात जाता, दाबून बघता, वास घेता, चार नापसंत करता आणि पाचवा रस्त्यातच कराकरा खाता, तुमचं काय जातंय हसायला! आमच्याकडे नजर जाईल तिथवर पेरू, आणि घरात खायचे कुठले? तर पक्ष्यांनी टोचलेले, वाऱ्याने पाडलेले, क्रेटच्या तळाशी चेपलेले. आमच्या सासूबाईंचा कायदाच आहे, दोन शब्दांचा. "डागी आधी!"

लग्न ठरलं तेव्हा माझी आई गल्लीभर सांगत सुटली होती, "पोरगी बागेत चाललीय हो, आता काय, हात वर केला की पेरू!" हो ना. हात वर केला की पेरू आणि हातावर चापट! "अगं अगं, तो विकायचा आहे!" माहेरी आम्ही विकत आणायचो, घरात एकच यायचा, पण तो धड असायचा हो!

आणि तुम्हाला सांगते, त्या विकायच्या पेरूंचे लाड बघाल तर थक्क व्हाल. झाडावरच्या एकेका पेरूला फोमची जाळी, त्यावर पिशवी. घालतं कोण? मी. शिडीवर चढून. मला आठवडाभर खोकला होता तर नवऱ्याने विचारलं नाही, पण एका पेरूची पिशवी सुटलेली दिसली तर केवढ्याने ओरडला, "अगं, त्याला ऊन लागेल ना!" म्हटलं, मला लागतंय ते काय चांदणं आहे?

बरं, कधी कधी गाडीत माल मावत नाही, मग चांगले पेरू घरी येतात. तुम्हाला वाटेल, झालं, सुटली बिचारी. कुठलं काय! सासूबाई दारातच उभ्या. "डागी आधी!" मग आम्ही सकाळी डागी, दुपारी डागी, खाऊन खाऊन डागी संपवतो, आणि ते संपेपर्यंत त्या चांगल्यांना डाग पडलेला असतो! मग ते खायचे. खातच असतो आम्ही... सगळं गाव असंच. शेजारीण प्रेमाने वाटी आणते, वाटीत फोडी. अख्खं फळ आमच्या गावात कुणी कुणाला देत नाही, कारण अख्खं राहिलेलंच नसतं. फोडीच्या आकारावरून मी सांगते, डाग केवढा होता.

आणि तो गाडीवाला! माल न्यायला येतो, क्रेट उचलता उचलता त्यातला सगळ्यात देखणा पेरू काढतो, पँटला पुसतो आणि कचकन चावतो. माझ्या डोळ्यांदेखत! आता ओरडतील सासूबाई, म्हणून मी कान टवकारले, तर या म्हणतात, "घ्या हो भाऊ, अजून एक घ्या, लांब जायचंय तुम्हाला." मी नवऱ्याला म्हटलं, उद्यापासून गाडी मीच चालवते. तर म्हणतो, "तुला सायकल तरी येते का?"

मग मात्र माझं डोकंच फिरलं. ठरवलं, या हंगामात एक पेरू माझा. शिडीवर असतानाच एक हेरला. गुळगुळीत, गोल, बोट ठेवायला डाग नाही. जरा कच्चाच होता, पण म्हटलं पिकेल. ओढणीत गुंडाळला आणि कपड्यांच्या कपाटात अगदी मागे लपवला. आता मला सांगा, दागिना लपवता येतो, पण पेरू कसा लपवणार? तिसऱ्याच दिवशी घमघमाट! नवरा शर्ट हुंगतोय, "माझ्या शर्टाला पेरूचा वास कसा?" म्हटलं, "बागेत राबता, मग काय गुलाबाचा येणार?" त्याला पटलं. त्याला काहीही पटतं. पण सासूबाई! आधी नाक आत आलं, मागून त्या. थेट कपाटापाशी. ओढणी सोडली आणि...

"एक नंबरचा माल! कपाटात!"

आणि काय झालं कुणास ठाऊक, मला रडूच फुटलं. म्हटलं, "हो, खायचाय मला! अख्खा! जन्मभर काय फोडीच खायच्या मी?" आता घर डोक्यावर घेणार, म्हणून मी डोळे मिटले. डोळे उघडून बघते, तर त्या पेरू हातात फिरवतायत. म्हणाल्या, "मी तरी कुठं खाल्लाय गं कधी?" मग इकडे बघितलं, तिकडे बघितलं, खोलीचं दार लावलं आणि म्हणाल्या, "चाव. मग मला दे."

मी चावले. त्या चावल्या. दोघी चावतोय, एकमेकींच्या तोंडाकडे बघतोय...

"पाणचट आहे गं," सासूबाई म्हणाल्या.

आणि होता हो! काकडी खाल्ल्यासारखा! विकायचा माल कच्चाच तोडतात ना, मग कुठून यायची गोडी? आणि पक्षी काय मूर्ख आहेत? जो झाडावर पिकून मधासारखा झालाय, त्यालाच नेमकी चोच मारतात. म्हणजे इतकी वर्षं नाक मुरडून मी जे खात होते, तेच... जाऊ दे! बोलवत नाही मला!

उरलेला पेरू आम्ही शेळीला घातला. तिनेही हुंगून सोडला. सासूबाईंनी पदराला हात पुसले, स्वयंपाकघरातून पक्ष्यांनी टोचलेले दोन आणले, एक माझ्या हातात दिला आणि लागल्या खायला. "डागी आधी" म्हणायचीही गरज पडली नाही त्यांना.

पेरूचं काही नाही हो मला. पण एवढ्या मोठ्या घरात माझी स्वतःची म्हणून एकच वस्तू होती, ती म्हणजे ही तक्रार... आणि मूर्खासारखी तीसुद्धा मीच खाऊन बसले!