मी लिंक दाबली नाही

...आणि वर मलाच विचारतात, "मास्तर, लिंक दाबलीत कशाला?" तुम्हाला सांगतो, मी लिंक दाबली नाही. बोट पडलं. दाबणं वेगळं, पडणं वेगळं. दाबायला मनात काहीतरी असावं लागतं, आणि माझ्या मनात त्या वेळी फक्त वकीलसाहेबांचं पोट होतं. म्हणजे त्यांच्या काळ्या कोटाचं माप चाललं होतं, ते पोट आत ओढून उभे, आणि पोट आत ओढलेल्या माणसाचं माप घ्यायचं नसतं, थांबायचं असतं, कधीतरी तो श्वास सोडतोच. तर मी थांबलो होतो. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप, आणि काउंटरवर फोन थरथरायला लागला. "आपल्या दुकानाचं पान आज बंद होणार आहे. चालू ठेवण्यासाठी इथे स्पर्श करा."

आता हे पान लेकीनं सासरी जायच्या आधी करून दिलेलं. वर दुकानाचा फोटो, मध्ये कपड्यांचे फोटो, खाली गिऱ्हाइकांनी मेसेज करायचे आणि मी उत्तर द्यायचं. माझं उत्तर एकच. होईल. ड्रेस कधी मिळेल? होईल. बाही घट्ट झालीय. होईल. मास्तर, लग्न परवावर आलं... होईल. यात वाईट काय आहे, सांगा? होतंच ना शेवटी?

तर बोट पडलं. मग फोनवरच्या त्या लोकांनी पासवर्ड विचारला, तो दिला, कारण तोंडात टाचण्या असताना माणूस वाद घालू शकत नाही. मग म्हणाले, फोनवर नंबर आलाय तो टाका. टाकला. तेवढ्यात वकीलसाहेबांनी श्वास सोडला, मी झटकन टेप आवळली, आणि फोन डोक्यातून गेला.

त्या दिवशी इतकी शांतता होती म्हणता... एक मेसेज नाही. मला वाटलं, लोक सुधारले.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या गाण्याच्या बाई दुकानात आल्या. त्यांचा ड्रेस माझ्याकडे इतके दिवस पडलेला, की त्या आल्या की मी ट्रायल रूमचा पडदा सारखा करायला आत जायचो. पण आज बाई हसत होत्या. म्हणाल्या, "मास्तर, तुमचा मेसेज वाचला आणि डोळे भरून आले हो." मी म्हटलं, कुठला मेसेज? त्यांनी फोन पुढे केला. "ताई, आपल्या ड्रेसला उशीर झाला, मनापासून क्षमा असावी. दवाखान्यात आईंची तब्येत कशी आहे? तुम्ही त्यांना जपा, कपड्यांचं आम्ही बघतो."

तुम्हाला सांगतो, मी दोनदा वाचलं. चांगलं लिहिलं होतं. आई आजारी असल्याचं बाईंनी मला आधी कळवलं होतं म्हणे. मी त्यावर लिहिलं होतं, होईल.

आता अशा वेळी माणूस काय म्हणेल? मी म्हटलं, "अहो, त्यात काय एवढं."

मागे आमची बायको काजं करत बसली होती. तिनं सुई थांबवली. "बघू," म्हणाली. वाचलं, आणि म्हणाली, "हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी बाळंतपणाला गेले होते तेव्हा तुम्ही मला पत्रात बटणांचा भाव कळवला होता."

मी तरी म्हणणार होतो की माणूस बदलतो. पण बाईच म्हणाल्या, "आणि तुम्ही मागितलेला, माझ्या फोनवर आलेला तो नंबर पाठवलाय हं. माप नोंदवायला हवा होता ना?"

कुठला नंबर? मी कुणाकडे नंबर मागितला? बायको एकदम उभी राहिली, मांडीवरचा कोट खाली पडला. वकीलसाहेबांचाच. बाईंनी फोन पाहिला तर त्यांचं मेसेजचं खातं बंद. मावशीचा साधा एसएमएस आलेला, घरच्या ग्रुपवर तुझ्या नावानं परगावच्या भावाला निरोप आलाय, आईचं तातडीनं ऑपरेशन आहे, पैसे पाठव. बाई खुर्चीत बसल्या. भावाला साधा फोन लावला, तर तो उचलेना. पुन्हा लावला. उचलेना. तिसऱ्यांदा नंबर बायकोनं लावून दिला... आणि मी टेप हातात घेऊन नुसता उभा. मी लिंक दाबली नाही हे सांगायची ती वेळ नव्हती, एवढं मलाही कळत होतं.

बायकोनं माझा फोन माझ्या हातात कोंबला. "एकेका गिऱ्हाइकाला फोन करा. सांगा, कुणालाही नंबर देऊ नका."

केले. आणि तुम्हाला सांगतो, कुणी विश्वास ठेवेना. निवृत्त हेडबाई म्हणाल्या, "तुम्ही मास्तर नाही. मास्तर फार गोड बोलतात, कालच माझ्या गुडघ्याची चौकशी केली त्यांनी." मी म्हटलं, तो चोर आहे, मी मास्तर आहे. त्या म्हणाल्या, "चोर हेच म्हणणार." मी म्हटलं, अहो, आवाज ओळखा. "आवाज काय, हल्ली कुणाचाही काढतात. फोन ठेवते मी. मास्तर भेटले तर विचारणार आहे, माझा कोट कधी देणार?" माझ्या तोंडून निघून गेलं, "होईल."

त्या म्हणाल्या, "हां. तुम्हीच आहात."

त्यानंतर मी प्रत्येक फोनची सुरुवात त्याच शब्दानं केली. सगळ्यांनी ओळखलं. एकानंही नंबर दिला नाही.

संध्याकाळी मेहुणा आला. तो कुठल्याशा कचेरीत कॉम्प्युटर सांभाळतो, आणि बोलतो असा की जणू मीच कॉम्प्युटर. "भावोजी, पासवर्ड काय होता?" मी म्हटलं, शिलाई. "नुसतं शिलाई?" मी म्हटलं, दुकानाच्या पाटीवर तेच आहे, लक्षात राहतं. त्यानं बहिणीकडे पाहिलं, बहिणीनं भिंतीकडे. खटपटी करून त्यानं पान परत मिळवलं, दुहेरी कुलूप लावलं, आणि नवा पासवर्ड बायकोला सांगितला. मला नाही. "तुमचं बोट पडतं," म्हणाला. बघा, एक माणूस तरी भेटला ज्याला फरक कळतो.

आणि बाईंचा भाऊ? त्यानं पैसे पाठवलेच नाहीत. निरोप वाचून तो तसाच, अंगावरच्या कपड्यांनिशी गाडीत बसला होता, घाईत फोन घरीच राहिला, म्हणून तो उचलत नव्हता. कित्येक वर्षांनी आईपुढे येऊन उभा राहिला. आई म्हणे उठून बसली आणि पहिलं काय बोलली, तर "किती वाळलास."

मी ड्रेस घेऊन दवाखान्यात गेलो. शिवून. इस्त्री करून. कॉरिडॉरमध्ये बाईंना म्हटलं, बाई, माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला. त्या म्हणाल्या, "असू दे, मास्तर. भाऊ आला ना." मग ड्रेस छातीशी धरून हळूच म्हणाल्या, "पण मेसेजमध्ये तुम्ही जास्त छान बोलायचात."

ते मला लागलं. रात्रभर नाही, पण जेवेपर्यंत लागलं. म्हटलं, चोराला जमतं ते आपल्याला जमू नये? दुसऱ्या दिवशी बायकोकडून पान उघडून घेतलं आणि एकेक अक्षर शोधत सगळ्यांना लिहिलं. "नमस्कार. कपड्यांना उशीर होतो याबद्दल मनापासून क्षमा असावी. घरची मंडळी बरी आहेत ना?" पाठवलं, आणि खरं सांगतो, जरा हलकं वाटलं.

पहिला फोन हेडबाईंचा, आणि तोही मला नाही, बायकोला. "तुमचं पान पुन्हा चोरीला गेलंय, मी तक्रार केलीय." मग वकीलसाहेब. त्यांनीही तक्रार केली. मग एकेक करून सगळ्यांनीच केली, आणि दुपारी कंपनीनं पान बंद केलं. कायमचं.

मेहुण्याला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भावोजी, इतकी सावध गिऱ्हाइकं मोठमोठ्या कंपन्यांनाही मिळत नाहीत."