टेबलासकट फळी

हार्डवेअरच्या दुकानात रांगेत मागे उभ्या असलेल्या एका मावशींच्या कानावर पुढच्या जोडप्याचं बोलणं आपसूक पडत होतं.

"विजेची चेन सॉ द्या. मोठी."

"कापायचं काय आहे, साहेब?" दुकानदाराने विचारलं.

"प्लायवूड. आई उद्या दवाखान्यातून येतेय, व्हीलचेअरवर. दारातल्या पायरीवर रॅम्प करायचाय."

"मग चेन सॉ कशाला? ती ओंडक्यांना. तुम्हाला गोल पात्याची करवत लागेल."

"तसलीच आणली होती यांनी शेजाऱ्यांची," बायको म्हणाली. "फळी कापली, खालच्या जेवणाच्या टेबलासकट!"

"कबूल. पण काप बघितलास? माझ्या आयुष्यातली एकमेव सरळ गोष्ट."

"पातं फळीच्या जाडीपेक्षा जेमतेम खाली ठेवायचं, साहेब."

"टेबल शाबूत होतं तेव्हाच भेटायला हवे होतात तुम्ही."

"अहो, सुताराला बोलवा ना," बायको म्हणाली. "आईंच्या हाडांशी खेळ नको."

"आईलाच विचारलं. म्हणाली, तूच कर."

"एवढंच म्हणाल्या?"

"नाही... म्हणाली, पण आधी माझ्या खुर्चीत बसून रॅम्पवरून तू उतरून दाखव."

बायको दुकानदाराकडे वळली.

"द्या हो ती गोल पात्याची. ढकलायला मी आहे."