फुकटचा घाट

— नाई नाई भाऊ, ते दार असं वढाचं नाई, वरतं उचलाचं. खालून कडी हाये, अंगठ्यानं दाबा — हां, उघडलं. पाहा, केवढी जागा! दुसऱ्या मोटरीत इथं डिक्की राह्यते, याच्यात घर मावते घर. संत्र्याच्या पेट्या भरा, पाहुणे भरा, काही कराचं ते करा. अन हे मागचं सीट पाह्यलं काय तुमी? उलटं हाये. लेकरं मागं तोंड करून बसतात, गेलेला रस्ता पाहात. बसू द्या तुमच्या पोरींले, बसू द्या, काही खराब होत नाई. तुमची बाई तिकडं निंबाखाली काऊन उभी हाये? बोलवा ना, चहा ठेवतो मी. बरं, नाई तं नाई. मले बी जरा घाईच हाये, खरं सांगाचं तं — आमच्या घरचे संत्र्याच्या वाडीतून दिवस बुडाच्या आत येतीन, अन ते आले का सौदा होत नाई. काऊन म्हणजे? जीव हाये त्याईचा हिच्यावर. नाई, चोरून नाई विकून राह्यली मी, तसं नोका समजू. तेच म्हणले मले, अंगणात, चार लोकाईसमोर — कोणी घेत असन तं देऊन टाक कमला, तुहं तोंड तरी बंद होईन. म्हणले का नाई? म्हणले. शेजारच्या शकुबाईले इचारा, ती तं कुडाले कान लावूनच उभी राह्यते.

गाडी चांगली हाये, चंद्रभानजी. वाईट म्हणन त्याची जीभ झडन. दिल्लीले कोण्या वकिलातीतल्या साहेबापाशी व्हती, साहेब आपल्या मुलखात गेला, गाडी लिलावात निघाली, नागपूरच्या शेटनं घेतली अन शेटपासून याईनं. त्या साली मृगाचा बहार असा फुटला व्हता का झाडाईले टेकू देऊन देऊन आमचे हात दुखले. मंग काय, गेले नागपूरले पेट्या घेऊन अन आले हिच्यात बसून. आख्खी आष्टी पाहाले आली. मारुतीपुढं नारळ फोडला, मी ओवाळली. खोटं काऊन बोलू, मले बी आवडली व्हती. पळते कशी म्हणता? एसटीच्या मागं लागली ना, तं एसटी उभी हाये का काय असं वाटते. इथून भात डब्यात भरला, नागपूरले नलूच्या घरी उघडला, तं वाफ निघाली. नलू म्हणजे माही पोरगी, तिथं देली. आवाज नाई, धक्का नाई, पोटातलं पाणी हालत नाई — अन बाहेर पाहावं तं झाडं मागं पळून राह्यली. एवढ्या जोरानं माणसानं पळावं काऊन, असं मले वाटे, पण मी बोलत नव्हती. बाईच्या जातीनं गाडीतलं काय बोलावं?

पेट्रोल? पेते. ते बी खरं सांगतो. मोठं इंजन हाये, पेईन नाई तं काय करन? आधी काही वाटत नव्हतं, आता भाव कुठल्या कुठं गेले, टाकी भराची म्हटलं का याईच्या कपाळाले आठ्या. पण तुमी तं सावकारी माणूस, तुमाले काय — काय म्हणले? उतारावर? — हौ का. इंजन बंद करता. चाबीच फिरवून टाकता. तुमी बी.

नाई, काही नाई. थांबा, पाणी पेतो. — तुमी हिंगणीहून आले ना? म्हणजे घाटातून जासान गाडी घेऊन. तळेगावच्या घाटातून. हौ, दुसरा रस्ता कुठून येते. — नाई, इकडं सगळेच करतात, मले माहीत नाई काय? आमच्या घरच्याईनं जलमभर जीप चालवली, माथ्यावर आले का गेर काढाचा, चाबी फिरवाची, अन द्याची सोडून. खालच्या पुलापर्यंत एक थेंब लागत नाई. आमच्या घरात त्याले नावच पडलं, फुकटचा घाट. लेकरं आधीपासून ओरडाची — आबाजी, फुकटचा आला, फुकटचा आला! अन हे चाबी फिरवत, अन सगळे गप होत, फक्त चाकाचा अन हवेचा आवाज. कोणाले वाटन का त्याच्यात काही वाईट हाये? जीपले काहीच होत नव्हतं, भाऊ. जीपचा ब्रेक माणसाच्या पायानं लागते. हिचा तसा नाई.

मी सांगणार नव्हती तुमाले. देवाशपथ नव्हती सांगणार. पोरी खाली उतरल्या काय? बसल्याच हायेत. बसू द्या, उभी हाये गाडी, उभ्या गाडीले काय होते.

दिवाळी करून नलूच्या घरून येत व्हतो. मागच्या सीटवर माही लहानी पोरं अन नलूचे दोघं, मागून एक टरक येत व्हता, त्याचा सरदारजी हात हालवे अन पोट्टे सगळे खिदळत. माथा आला. फुकटचा आला म्हणून बोंबलले. याईनं चाबी फिरवली. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं, पण तिथं मले वाटलं का हे कुशीवर होऊन काय करून राह्यले — अन पाह्यलं तं पाय ब्रेकवर, दोन्ही पाय, भाऊ, सीटवरून उठून उभे राह्यले व्हते माणूस, अन गाडी ऐकतच नव्हती. ब्रेक दगड झालता. हातातलं चाक फिरेना, मानेच्या शिरा अशा फुगल्या. अन मागं पोट्टे टाळ्या वाजवून राह्यले — आबाजी, अजून जोरात! त्याईले काय माहीत? त्याईचं तोंड मागं व्हतं. त्याईले टरक लहान लहान होताना दिसून राह्यला व्हता, अन मले खालची दरी दिसून राह्यली व्हती. मी ओरडली नाई. ओरडली असती तं लेकराईनं वळून पाह्यलं असतं.

रस्त्याचं काम चालू व्हतं म्हणून वाचलो. गिट्टीचा ढीग व्हता कडेले, त्याच्यात घातली याईनं, पोटापर्यंत गेली. कोणाले खरचटलं सुद्धा नाई. पोट्टे उतरले अन गिट्टीवर खेळाले लागले. हे बिडी पेटवाले गेले तं काडीच लागे ना, एक मोडली, दुसरी मोडली. मंग म्हणले, ब्रेक तापले व्हते. झालं. घरी आल्यावर बी तेच, बाजारात बी तेच, ब्रेक तापले व्हते. गाडी दुरुस्तीले नेली, त्या माणसाले बी हेच सांगितलं, त्यानं पाह्यलं, म्हणला ब्रेक तं चांगले हायेत. चांगलेच हायेत ना! मी स्वतः बसून पाह्यलं, हे वाडीत गेल्यावर, इथंच अंगणात. चालू असली का पाय ठेवला तं लोण्यावानी खाली जाते. चाबी फिरवली, तं दोनदा जाते, तिसऱ्या खेपेले दगड. पुन्हा चालू केली, पुन्हा लोणी. मी कितीकदा केलं भाऊ, माह्या पायाले गोळे आले. म्हणजे इंजनच दाबते ब्रेक, आपण नाई. इंजन झोपलं का ब्रेक झोपला. सांगितलं त्याईले. तं वट्ट्यावर बसून लोकाईले सांगतात — बायको मले गाडी शिकवून राह्यली! हसले सगळे. चाबी फिरवणं काही सुटलं नाई. हात आपोआप जाते म्हणतात.

म्हणून मी पुढं बसतो आता. लोक म्हणतात, कमलाबाईले साहेबिणीवानी पुढं बसाचा शौक लागला. म्हणू द्या. माथा आला का मी चाबीवर हात ठेवतो, असा, मूठ करून. ते म्हणतात काढ, मी काढत नाई. पदर सुटला तरी काढत नाई. त्याच्यावरूनच तं अंगणात तमाशा झाला, अन म्हणले देऊन टाक. मंगळवारी पुन्हा जाचं हाये नलूकडं, तिच्या दिराचं लग्न हाये, सगळं घर भरून. म्हणून म्हटलं त्याच्या आधी जावी ही गाडी घरातून. कोणाच्या बी घरी जावी.

तं तुमाले समजलं ना? चाबी बंद नाई कराची. उतारावर कधीच नाई. — हौ हौ काय? मान हालवून राह्यले तुमी. ते बी अशीच हालवतात, अशीच अन एवढीच. — नाई भाऊ, भाव कमी करासाठी नाई सांगितलं मी हे. तुमी हसले! पाह्यलं मी, मिशीत हसले.

एक सांगा. तुमची बाई कुठं बसते गाडीत? मागं ना, पोरीसंगं. पुढं कोण, तुमचे भाऊ? ओ ताई! ताई, इकडं या ना जरा — वळवलं तोंड तिनं. पुढं बसन काय हो ही? तुमच्या हातावर हात ठेवन काय ही, चार लोकाईत?

नाई. नाई देत मी गाडी. ते बोनटवर ठेवलेले पैसे घ्या तुमचे, घ्या म्हणतो ना, खिशात घाला. मोजून काय पाहता, हात तरी लावला काय मी त्याले? ते आले अन मी नाई म्हणतो असं समजलं, तं जिद्दीनं देतीन तुमाले, हसत देतीन, म्हणून आताच जा. स्टँडवर एसटी लागली असन. माहं काय, माहा हात हाये त्या चाबीवर जोपर्यंत हाये तोपर्यंत. पाया पडतो तुमच्या, जा.

पोरींले उतरवा आधी. लहानी सीट सोडत नाई? मंग वढा तिले. दंडाले धरा अन वढा, भाऊ — रडू द्या.