कार्डातली रुई

या मायबापहो, जवळ सरका. कीर्तन सुरू करण्याआधी वडनेरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात कानी पडलेली गोष्ट सांगतो.

"शकूरभाई, हा कॉम्प्युटर आणला पाहा. दुपारपासून गेममधी रंगीत पट्टे येऊन राह्यले, सारं धुरकट दिसते. ग्राफिक्स कार्ड गेलं काय?"

"लगन झालं तरी गेम सुटला नाही बे प्रेम! कॉम्प्युटर कुठी ठेवतं?"

"कापसाच्या खोलीत."

"मंग! पंख्यात रुई भरली, कार्ड तापलं. हे पाह्य, साफ केलं. आता?"

"पट्टे गेले. धुरकट तसंच हाय."

"मले तं आरशावानी साफ दिसते."

प्रेमने डोळे चोळले.

"भाई... बीटी कापसावरबी बोंडअळी आली, म्हून सकाळी विषारी औषध फवारलं."

"तोंडाले फडकं?"

"नव्हतं."

"उलटी?"

"दोनदा."

"ऊठ! गाडीवर बस, दवाखान्यात चाल. मले घट्ट धर. दुकान राहू दे उघडं!"

मायबापहो, आज कीर्तनात टाळी वाजवताना प्रेमला विसरू नका, आणि फवारणीला जाताना तोंडाला फडकं बांधायलाही.