तिसरा निकाल

(स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव. मागच्या दाराबाहेरच्या बाकावर आर्ची, कोर्टात घालून गेलेल्या सुटातच, मांडीवर बॅग. दारात त्याची बायको एफी. भिंतीपलीकडे शेजारीण टीनी.)

एफी: ...आत ये म्हटलं तर येत नाहीस, जा म्हटलं तर जात नाहीस. बसमधून उतरल्यापासून बाकाला चिकटलायस.

आर्ची: बसू दे.

टीनी: एफी, भिंतीवरून विचारते म्हणून रागावू नकोस. सुटला ना आर्ची?

एफी: समोर बसलाय, टीनी. तुरुंगातून कसा दिसला असता?

टीनी: म्हणजे मकेलरची मासे धुरावर सुकवायची शेड त्याने जाळली नाही, असं ठरलं?

आर्ची: तसं नाही ठरलं.

टीनी: अरे देवा. मग जाळली, असं ठरलं?

आर्ची: तसंही नाही. 'सिद्ध झालं नाही' म्हणाले.

टीनी: अगं बाई, तिसरा निकाल! धड दोषी नाही, धड निर्दोष नाही. माझ्या मामाला मिळाला होता, मेंढ्यांच्या भानगडीत.

एफी: मग?

टीनी: मग काय, मोकळा फिरला की. फक्त मरेपर्यंत कुणी त्याच्याकडे मेंढरं राखायला दिली नाहीत. पण काय रे आर्ची, तो कोट कशाला धुतलास तू? अख्खं गाव तेच बोलतंय.

एफी: टीनी, तुझं दूध उतू जातंय.

टीनी: मी दूध ठेवलेलंच नाही... बरं, बरं. जाते.

आर्ची: बघ. हिलाही कोटच दिसतो.

एफी: हिला सगळंच दिसतं.

आर्ची: बाकी होतं काय त्यांच्याकडे? पाद्रीबाईंनी अंधारात शेडपाशी एक पाठ पाहिली. या किनाऱ्यावर सगळ्यांच्या पाठी तशाच आहेत. आणि एका साक्षीवर इथे कुणाला दोषी धरत नाहीत, जोडीला दुसरं काहीतरी लागतं. पोलीस दारात आले, तर जोडीला हा. भर नोव्हेंबरात लोकरीचा कोट दोरीवर टपटपतोय.

एफी: मी धुतला, असं मी सांगितलं असतं कोर्टात.

आर्ची: आणि त्यांनी विचारलं असतं, का धुतलात बाई? मग काय सांगितलं असतंस? म्हणून मी म्हटलं, मी धुतला.

एफी: आणि तो वकील म्हणाला, कुठल्या साबणाने?

आर्ची: मी म्हटलं, पांढऱ्या.

एफी: ज्युरीतले पंधराच्या पंधरा हसले. तो सुतकी चेहऱ्याचासुद्धा.

आर्ची: ज्याने जन्मात कप विसळला नाही तो कोट धुतो म्हणे! ज्युरीत मी असतो तर मीच मला आत टाकलं असतं.

एफी: रॉकेलचा भपकारा येत होता त्याला. आणि बाहेर आकाश लाल झालेलं. तू आलास, हात धुतलेस आणि एक शब्द न बोलता झोपलास.

आर्ची: दमलो होतो. होडीचं इंजिन रॉकेलने पुसून आलो होतो. बाहीला ग्रीस होतं, कोपरापर्यंत. ग्रीस फासून कुणी आग लावायला जात नाही, एफी. कोट तसाच खुंटीवर राहिला असता, तर खटलाच उभा राहिला नसता.

एफी: ग्रीस पाहिलं होतं मी.

आर्ची: पाहिलंस? मग?

एफी: मग काय, त्यालाच जास्त घासावं लागलं.

आर्ची: शाबास.

एफी: तूच दुकानात सांगत फिरत होतास, त्याची शेड जळायला हवी म्हणून.

आर्ची: धक्क्यावरची माझी जागा बळकावली त्याने. तू काय कमी बोललीस त्याला?

एफी: मी तर तो आत असताना जळायला हवी म्हणाले होते.

आर्ची: पण तुझा कोट कुणी धुतला नाही.

एफी: मी वाचवत होते तुला.

आर्ची: हो. आधी दोषी धरून. ती पंधरा माणसं, एकानेही मला कधी पाहिलेलं नाही. त्यांनासुद्धा शंका होती. तुला नव्हती.

एफी: बॅग खाली ठेव, आर्ची.

आर्ची: माझ्या बहिणीच्या गावची शेवटची बस अजून यायचीय.

एफी: सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस.

आर्ची: कोर्टाने नाव विचारलं आणि लगेच पुढचा प्रश्न, हे तू केलंस का. तू एवढ्या महिन्यांत एकदाही विचारलं नाहीस.

एफी: आणि तू हो म्हणाला असतास तर? मी बटाटे कुणासाठी सोलायचे होते?

आर्ची: विचारून तरी बघायचंस.

एफी: बरं, आता विचारते. मकेलरची शेड तू जाळलीस का?

आर्ची: नाही.

एफी: बरं.

आर्ची: बरं? उलटतपासणी नाही, काही नाही?

एफी: नाही.

आर्ची: माझ्या एकट्याच्या शब्दावर? हे कोर्टात चालत नाही.

एफी: कोर्टाला तुझ्यासमोर बसून जेवायचं नसतं. दे ती बॅग इकडे.