आधी सेकंड उतरतो

मंदाकाकू, पेडणेकर काका, सगळ्या टिटव्यांनो, आणि चीफना ओळखणारे तुम्ही सगळे,

मला बोलायला उभं केलंय, कारण मी लिहिते. लिहिणाऱ्याला बोलता येतं हा गैरसमज आहे. सकाळपासून किती वेळा सुरुवात केली आणि खोडली. एकदा लिहिलं, 'आज आपण सगळे इथे जमलो आहोत.' लिहिलं आणि लगेच कानात चीफचा आवाज. 'जमलोय ते दिसतंय. पुढे बोल.'

तर पुढे बोलते. जमेल तसं. मध्ये थांबले तर थांबू द्या.

मी सायली. युनिव्हर्सिटीत पीएचडी करते, आणि रविवारी सकाळी टिटवी नावाच्या बेसबॉल टीमची कॅचर असते. कॅचर म्हणजे बॅट्समनच्या मागे उकिडवं बसून पिचरचा बॉल झेलणारी. अख्खी टीम एकीकडे बघते आणि कॅचर एकटी त्यांच्याकडे. सगळं मैदान तिला दिसतं. ही जागा आधी पेडणेकर काकांची होती. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे. पेडणेकर काका, तुम्ही मागे पंख्याखाली बसलायत, मला दिसताय. उठून जाऊ नका, प्लीज.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. केळुसकर काका, आपले चीफ, जन्मभर जहाजावर होते. चीफ इंजिनियर. पेडणेकर काका त्यांचे सेकंड इंजिनियर, म्हणजे इंजिन रूममधला दोन नंबरचा माणूस. जहाजं बदलली, कंपन्या बदलल्या, ही जोडी फिरून फिरून एकत्र येत राहिली. रिटायर झाल्यावर दोघं इथेच, सिंगापूरला राहिले. एक यिशुनला, एक तोआ पायोहला. इथली बाकीची मराठी मंडळी रविवारी क्रिकेट खेळतात. चीफनी बेसबॉलची टीम काढली. का? तर म्हणे जपानमध्ये एकदा जहाज दुरुस्तीसाठी ड्राय डॉकमध्ये होतं, तिथले कामगार जेवणाच्या सुट्टीत बेसबॉल खेळायचे, आणि त्यांना दोन माणसं कमी पडली. चीफनी बॉल टाकला, सेकंडनी पकडला. झालं. चीफ म्हणायचे, 'क्रिकेटात जावई शोधायला येतात लोक. इथे निदान खेळायला तरी येतील.'

टीमचं नाव टिटवी का, असं मी विचारलं होतं. 'आवाज मोठा, उडणं बेताचं. आपलं तेच नाय काय?'

खरंच तेच होतं. आपण हरायचो. छान हरायचो. आणि मॅच संपली की चीफ एक ऑर्डर द्यायचे. 'फिनिश्ड विथ इंजिन्स.' जहाज धक्क्याला लागलं की ब्रिजवरून खाली इंजिन रूमला ही ऑर्डर येते. काम झालं, आता इंजिन बंद करा. ऑर्डर आली की खालून ती परत म्हणायची असते, म्हणजे वरच्याला कळतं की ऐकू गेली. आपल्याकडे चीफ म्हणायचे, 'फिनिश्ड विथ इंजिन्स', आणि होम प्लेटच्या मागून, कॅचरच्या जागेवरून, गुडघ्यातली माती झटकत, पेडणेकर काका म्हणायचे, 'फिनिश्ड विथ इंजिन्स, चीफ.' मग ग्लव्ह पिशवीत जाईपर्यंत कुणी बोलायचं नाही. कॅच कुणी सोडला, अंपायर कसा होता, सगळं नंतर. आधी शांत व्हायचं.

मला सुरुवातीला हसू यायचं. मग सवय झाली. मग ती शांतता रविवारचा सगळ्यात आवडता भाग झाली.

पुढे बोलते.

आपला सीझन वर्षाअखेरच्या पावसात बंद असतो. मैदानाचं तळं होतं. खेळ नसतो, आणि चीफचं खरं काम तेव्हा सुरू व्हायचं. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, नवीन कुणाला घ्यायचं. यिशुनच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, एका टेबलावर चीफ, लांबच्या टेबलावर आपण सगळे, परीक्षेचा निकाल लागणार असल्यासारखे. एकेकाला बोलावणं. समोर कोपी, म्हणजे इथली कॉफी. करार एका वर्षाचा, तोंडी. अटी काय? 'रविवारी उठायचं. पाणी आपलं आपण आणायचं. अंपायरशी मराठीत भांडायचं नाय, त्याला कळत नाय, मजा येत नाय.' मान्य असेल तर कोपी प्यायची. कोपी प्यायली की सही झाली.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात चीफ म्हणाले, 'टीम ड्राय डॉकला घेतोय. सगळं उघडणार. या वर्षी हरणार, पुढच्या वर्षी बहुतेक हरणार, त्याच्या पुढे बघू.'

एक तयार खेळाडू मिळत होता. अमेरिकेत कॉलेजात खेळलेला, होम रन मारणारा. सगळे म्हणाले, घ्या. चीफ म्हणाले, 'दोन वर्षांनी ह्याचा एम्प्लॉयमेंट पास संपेल आणि आपण परत तिथेच.' आणि घेतलं कुणाला? आर्यनला! आर्यन, तुझ्याबद्दल बोलतेय, मान वर कर. टॅम्पिनीसचा पोरगा, बॉल टाकतो तोफेसारखा, पण तो कुठे जाईल ते त्यालाही माहीत नसायचं. तो चीफना म्हणाला, 'काका, मी फास्ट टाकतो, बट कंट्रोल कॅनॉट लाह. व्हाय यू वॉन्ट मी?' चीफ म्हणाले, 'फास्ट शिकवता येत नाय. कंट्रोल येतो शिकवता. कोपी पी.'

मग माझा नंबर. 'कॅचर होशील?' मी म्हटलं, 'पण पेडणेकर काका?' 'तू कोपी पी.'

आणि मग त्यांनी पेडणेकर काकांना बोलावलं. मी शेजारच्याच टेबलावर होते. कप हातात होता. मी ऐकलं ते जसंच्या तसं सांगते. चीफ म्हणाले, 'सेकंड, तुझा रिलीव्हर आलाय.' म्हणजे बदलीचा माणूस. म्हणजे मी. बस. एवढंच. ना थँक यू, ना 'गुडघे कसे आहेत', ना 'इतकी वर्षं तू'. काही नाही. पेडणेकर काका म्हणाले, 'बरं.' कोपी संपवली. कप जागेवर नेऊन ठेवला आणि एमआरटी स्टेशनकडे चालायला लागले.

मला वाटलं, बरं म्हणजे बरं.

त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. एकाही रविवारी नाही. मॅच संपायची, चीफ म्हणायचे, 'फिनिश्ड विथ इंजिन्स', आणि थांबायचे. प्लेटच्या मागे मी असायचे. मला शब्द माहीत होते. पण ते माझे नव्हते, म्हणून मी ते म्हटले नाहीत. चीफ थोडं थांबायचे, मग पिशवी उचलायचे.

मी दोघांशीही बोलले. हे आज सांगायला हवं, कारण आपल्यातल्या प्रत्येकाने हेच केलं असणार. तोआ पायोहला गेले. पेडणेकर काका पेपर वाचत होते.

'काका, रविवारी या ना. नुसतं बसायला या.'

'चीफने बोलावलंय?'

'मी बोलावतेय.'

'तू चीफ आहेस?'

'नाही.'

'मग कोपी घेणार की तेह?'

झालं. चहा-कॉफीवर विषय संपला. मग यिशुनला. 'चीफ, एक फोन करा त्यांना.'

'कशाला?'

'त्यांना वाईट वाटलंय.'

'कोणाला, सेकंडला?' आणि चीफ हसले. खरंच हसले. 'गो, येतलो तो. जातलो खंय?'

एक सांगत होता, बोलावल्याशिवाय सेकंड चीफच्या केबिनमध्ये जात नाही. दुसरा सांगत होता, सेकंड येतोच, त्याला बोलवावं लागत नाही. दोघांचं घर एमआरटीच्या एकाच लाल लाइनवर. गाडीसुद्धा बदलायला लागत नाही! आणि एक वर्ष गेलं.

मंदाकाकू, मला माहीत आहे, घरात तुम्हीही चीफना सांगून थकला होतात.

आता मी जे सांगणार आहे ते मला गेल्या रविवारी कळलं. पेडणेकर काका, हे तुमच्यासाठी आहे. तुम्हाला आधी वेगळं, घरी येऊन सांगावं, असं मी काकूंना म्हटलं होतं. काकू म्हणाल्या, 'नको. एकट्याला सांगितलंस तर त्याला वाटेल, समजूत काढायला पाठवलीय. सगळ्यांसमोर सांग.' म्हणून सांगतेय.

रविवारी चीफनी मला बोलावलं. तेच टेबल. मला वाटलं, माझा करार. कोपी ठेवली समोर आणि म्हणाले, 'सायली, नव्या सीझनच्या पहिल्या मॅचपासून टीम तू चालवायचीस. मी उतरतोय.' मी गडबडले. म्हटलं, 'तब्येत?' 'तब्येतीला काय झालंय? मी उतरतोय. एक वर्ष उशीर झाला, पण नियम आहे.'

'कसला नियम?'

माझ्याकडे बघितलं त्यांनी, जसं काही मी अ आ इ ई विचारलंय. म्हणाले, 'चीफ आणि सेकंड एकाच बंदरात उतरत नाहीत. दोघं एकदम गेले तर इंजिन ओळखणारा कुणी उरत नाही ना बोटीवर. आधी सेकंड उतरतो. चीफ थांबतो, नवीन माणसं तयार करतो, मग उतरतो. सेकंडचे गुडघे गेले होते. म्हणून आधी त्याला घरी पाठवला. मागून मी. असंच केलं आम्ही कायम.'

मी म्हटलं, 'हे तुम्ही त्यांना सांगितलंत?'

'सेकंडला? हे सेकंडला सांगायचं? त्याला माहीत असतं गो.'

मी म्हटलं, 'चीफ, त्यांना माहीत नाहीये. त्यांना वाटलंय तुम्ही त्यांना काढलं.'

कप उचलता उचलता थांबले. कोपी तशीच. मग म्हणाले, 'काढलं?' परत म्हणाले, 'काढलं?' त्यांनी हा शब्द पहिल्यांदाच ऐकला असावा तसं. बोटीवर रिलीव्हर आला ही चांगली बातमी असते, म्हणाले. माणूस बॅग भरून नाचत असतो. त्याला कुणी थँक यू म्हणत नाही, तो घरी चाललेला असतो. मी म्हटलं, 'पण काका घरीच होते, चीफ. घरून ते मैदानावर यायचे.'

त्यावर त्यांनी कप बाजूला सरकवला. म्हणाले, 'कुंपणाबाहेर तो बाक आहे ना, झाडाखाली. मी म्हटलं होतं, आम्ही दोघं तिथे बसू. तुम्हाला शिव्या देऊ. तो बॅटिंगला देईल, मी पिचिंगला.' मग म्हणाले, 'मी सांगतो त्याला. तू नाक खुपसू नकोस. पहिल्या मॅचच्या आधी जाईन मी तोआ पायोहला.'

पहिल्या मॅचच्या आधी. चीफ जाणार होते सेकंडकडे. मी इतकी खूश झाले की कोपी प्यायचीच राहिली.

बुधवारी ते गेले. हार्ट. मार्केटमधून येताना. पहिली मॅच अजून व्हायची आहे.

शोकसभेत गेलेल्या माणसाला बोल लावत नाहीत, माहीत आहे मला. पण चीफ, एक फोन. एक वाक्य जास्तीचं, त्या टेबलावर. 'मागून मी येतोय.' एवढंच म्हणायचं होतं ना? तुम्ही आर्यनला कंट्रोल शिकवलात, बॉल किती इंच बाहेर जातो ते तासन् तास समजावून सांगितलंत. नवीन माणसाला सगळं सांगत होतात. जुन्या माणसाला काहीच नाही. का? तर तो जुना आहे म्हणून. आपण सगळे असंच करतो का हो? ज्याच्याबद्दल खात्री असते, त्यालाच सांगायचं राहून जातं?

 मी पुढे बोलते.

आज चीफ असते तर या माझ्या भाषणाला म्हणाले असते, 'लांबलं.' लांबलं. संपवते.

पेडणेकर काका, टीम आता माझ्याकडे आहे. मी चीफ नाही, मला तसं म्हणायचंही नाही. माझ्याकडे तुमच्यासाठी करार नाही, कोपी नाही. तुम्हाला परत घ्यायचा अधिकारसुद्धा मला नाही, कारण चीफच्या हिशोबाने तुम्ही कधी काढलेच गेला नव्हतात. तुम्ही आधी उतरला होतात फक्त. ते मागून येणार होते.

बाक आहे. झाडाखाली. रविवारी मी तिकडे बघीन. बोलावत नाहीये. सांगतेय.

आणि आता सगळ्यांना एक विनंती. उभे राहूया. ज्यांना मराठी कळत नाही त्यांना शेजारच्याने खुणेने सांगा. मी ती ऑर्डर देणार आहे, चीफ द्यायचे ती. ती द्यायची माझी लायकी नाही, पण द्यायला कुणीतरी हवं. ऑर्डर दिल्यावर मी थांबणार आहे, ते थांबायचे तेवढा वेळ. त्या वेळात कुणी उत्तर दिलं तर दिलं. नाही दिलं तरी चालेल. वर्षभर चाललंय आमचं. त्यानंतर कुणी बोलू नका. ग्लव्ह पिशवीत जाईपर्यंत जसे गप्प राहतो, तसे राहा. मग चपला घाला आणि घरी जा.

चीफ, जहाज धक्क्याला लागलं.

फिनिश्ड विथ इंजिन्स.