साडेएकोणपन्नास

(चँडलर, ॲरिझोना. पोळ्यांच्या किचनमागची छोटी ऑफिसरूम. मालक राजीव, त्याची सोळा वर्षांची अनया आणि पोळ्या लाटणाऱ्या दीपामावशी.)

दीपा : ...तर सोमवारपासून तिकडे जाते, दादा. त्या कँटीनमध्ये फुल-टाइम आहे, इन्शुरन्स आहे. तुमच्यावर राग नाही माझा.

राजीव : दीपाताई, मला का तुम्हाला सोडायचंय? पण तो भिंतीवरचा कागद बघा. साडेएकोणपन्नास. तुम्हाला फुल-टाइम केलं की बरोब्बर पन्नास. आत्ता फुल-टाइमवाल्यांना आपण आपल्या मनाने इन्शुरन्स देतो. पन्नास झाले की सगळं कायद्याने. ढीगभर फॉर्म, चुकलं की दंड.

अनया : थांबा थांबा! मावशी, बॅग खाली ठेवा. उजव्या हाताने नको ना! रात्री मुंग्या येतात म्हणालात.

दीपा : येतात. पण इन्शुरन्सशिवाय डॉक्टरकडे कोण जाते?

अनया : म्हणूनच! बाबा, साडे म्हणजे काय? अर्धा माणूस कुठला?

राजीव : फुल-टाइम एक, पार्ट-टाइम अर्धा. सदतीस पूर्ण आणि पंचवीस अर्धे. सोपं आहे.

दीपा : म्हणजे मी अर्धी? रोज चारशे पोळ्या लाटून राहिली, न अर्धी?

अनया : एक्झॅक्टली! कायद्यात असं अर्धं-बिर्धं नसतंच, बाबा. पार्ट-टाइमवाल्यांचे महिन्याचे सगळे तास एकत्र करायचे आणि एकशेवीसने भागायचं. मी काल केलं.

राजीव : तू? मॅथ्समध्ये बी मायनस आलेली?

अनया : ते ट्रिग होतं! हा साधा भागाकार आहे. आता यादीतली पहिली तीन नावं वाच.

राजीव : मी, आई, तू.

अनया : खोड. आपल्यासारख्या कंपनीत मालक आणि त्याच्या घरचे धरत नाहीत.

राजीव : धरत नाहीत? पहाटे चारला येऊन कणीक कोण मळतं?

दीपा : रुसू नका, दादा. मी तरी अर्धी होती. तुम्ही तर शून्य निघाले.

अनया : हाहा! ओके, फोकस. उरले पस्तीस फुल-टाइम आणि चोवीस पार्ट-टाइम. त्यातली कॉलेजची पोरं शनिवारी दोन तास डबे भरून पळतात, त्यांनाही तू अर्धं धरलंस, यार! सगळ्यांचे मिळून तास बाराशे. भागिले एकशेवीस, दहा. पस्तीस आणि दहा?

राजीव : पंचेचाळीस. पण दिवाळीच्या फराळाला किती जास्त माणसं असतात...

अनया : ती धरूनच. गेल्या वर्षीचे बाराही महिने केले, ही सरासरी आहे.

राजीव : आणि यांना फुल-टाइम केलं तर?

अनया : हीच तर गंमत! मावशींचे एकशेबारा तास आत्ताही मोजलेले आहेतच. त्या आधीच पॉइंट त्र्याण्णव आहेत, बाबा. एक झाल्या तर वाढतं फक्त पॉइंट शून्य सात.

दीपा : म्हणजे केवढं?

अनया : एका पोळीवरच्या तुपाएवढं.

राजीव : अकाउंटंटला दाखवलंस? श्रीरंगला?

अनया : सकाळीच. श्रीरंगकाका म्हणाला, ‘गणित बरोबर आहे. राजीवने मला आधी का नाही विचारलं?’

राजीव : कारण घाबरलो होतो. तो काय सांगेल, कोणाला कमी करायला लावेल, म्हणून विचारलंच नाही. दीपाताई, दोन वर्षं तुम्हाला थांबवून ठेवलं मी. चुकलं माझं. आठवड्याला चौतीस तास. इन्शुरन्स एक तारखेपासून. राहाल?

दीपा : पण मी तिकडे हो म्हणून बसली ना.

अनया : मी फोन करू? मी इतकं गोड सॉरी म्हणते ना, त्यांना वाईटच वाटणार नाही!

दीपा : तो मी करते, माझा शब्द आहे. तू डॉक्टरला कर. दोन तारखेची वेळ घे. सांग, उजवा हात.